रात्रीच्या गळाला कुठला ल्यूर?

आज दुपारभर कोल्हापुरात राजारामपुरीत मित्राच्या घरी ल्यूरचा, म्हणजे गळाला लावायच्या नकली आमिषांचा, डबा उपसत बसलोय, शनिवारी आंबा घाट उतरून रत्नागिरीकडं जायचंय जिताडा मासा धरायला, रात्री. भावाचं म्हणणं, अंधारात चमकणारंच पायजे. मी म्हणलं काळा घे, गडद जांभळा घे. कारण मासा खालनं वर बघतोय, आभाळ कितीबी अंधारी असलं तरी पाण्यापेक्षा थोडं उजळ असतंय, त्यावर काळ्याची सावली ठसठशीत दिसती, चंदेरीची चमक दाखवायला उजेडच नसतोय तर तिचा काय उपयोग! त्यात मासा अंगावरच्या रेषेनं पाण्यातली थरथर ओळखतोय, म्हणून रंगापेक्षा ल्यूर कसा हालतोय हे मोठं. माझी पसंती १२-१४ सेमीचा, उथळ पळणारा, रुंद डुलणारा मिनो (बारक्या माशाच्या आकाराचा कडक ल्यूर), आणि दोर गुंडाळायचं रीळ फिरवायचं एकदम सावकाश, आपल्याला कंटाळा येईल इतकं सावकाश. वारा समोरनं असला की मात्र असला हलका मिनो जातच नाही लांब, तिथं जड जिगहेडवरचं (वजन लावलेल्या गळावरचं) सॉफ्ट शॅडच, म्हणजे मऊ रबरी मासाच बरा. ग्लोवाला, म्हणजे अंधारात चमकणारा, ल्यूर पण ठेवलाय एक, भावाच्या समाधानासाठी 😄 पण तो चमकावा म्हणून त्याला टॉर्च मारायची ती पाण्याकडं पाठ करून, नायतर कडंला आलेला मासा पळालाच म्हणून समजा.

गाडीत एक सीट शिल्लक हाय, कोण येतंय?