सासूबाईंनी विचारलं, "काय बोलली ती?"

एमए काउन्सेलिंगचं दुसरं वर्ष चालू आहे, इंटर्नशिप जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.)

त्या गुरुवारी डॉक्टरांनी एका सुनेला माझ्याकडं पाठवलं. साधारण माझ्याच वयाची, दोन महिने धड झोप नाही. सुरुवातीलाच तिला सांगितलं की इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, फक्त जिवाला धोका वाटला तर माझ्या सुपरव्हायजर मॅडमना सांगावं लागेल. ती केसपेपरची सुरळी करायची, उलगडायची, परत सुरळी, आणि मधेच दाराकडं बघायची. वीसेक मिनिटांनी बोलायला लागली ती मग थांबलीच नाही.

सेशन संपलं, दार उघडलं तर सासूबाई उंबऱ्यातच. सून गोळ्यांच्या खिडकीकडं गेली आणि आजींनी माझं मनगट धरलं. "बाळा, काय बोलली ती? माझ्याबद्दल काही म्हणली का?"

खरं सांगते, घशाशी आलं होतं, "काही नाही हो आजी, तुमचं नावसुद्धा नाही काढलं." आमच्या घरात मोठ्या माणसानं विचारलं आणि गप्प राहिलं तर तो उद्धटपणा, आणि त्यात आजींचा हात थरथरत होता. पण असं सांगणं म्हणजेसुद्धा गोष्ट फोडणंच, कारण आज 'नाही' म्हणलं आणि पुढच्या वेळी नुसती गप्प बसले की त्यांना लगेच कळणार. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम २३, गोपनीयतेचा हक्क, परीक्षेत मी व्यवस्थित लिहिलेलं, पण तिथं कुणी मनगट धरलेलं नव्हतं ना.

म्हणलं, "आजी, ती जे बोलली ते तिचं आहे, मला नाही सांगता येणार. तुम्हाला काळजी लागलीय ते दिसतंय मला."

हात सुटला. "मग तू डॉक्टरीण कसली?"

"डॉक्टर नाही आजी, काउन्सेलर आहे. शिकतेय अजून, पण हा नियम मलाही लागू आहे."

स्वतःला काउन्सेलर म्हणायची ती पहिलीच वेळ. तोवर कुणी विचारलं की सायकॉलॉजी करते एवढंच सांगायचे.

संध्याकाळी सुपरव्हिजनमध्ये वाटलं मॅडम शाबासकी देतील. त्यांनी विचारलं, "आजींचा राग आला होता का तुला?" आला होता. चाळीस मिनिटं एकच बाजू ऐकून मी मनात त्यांना दोषी ठरवून मोकळी झाले होते. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनी १९५७ मध्ये मांडलेल्या काउन्सेलिंगच्या अटी मला पाठ आहेत, विनाअट स्वीकार वगैरे, पण तो फक्त समोर खुर्चीत बसलेल्या माणसापुरता धरायचा आणि दाराबाहेर बसलेल्याचा मनातल्या मनात निकाल लावायचा, असं करत राहिले तर सुनेला मी मदत नाही, नुसती साथीदार मिळवून दिली असती. हे मला त्या दिवशी फार लागलं, अजून लागतंय.

पुढच्या गुरुवारी दोघी आल्या. सून आत जाऊन बसली. आजी दाराशी थांबल्या, आवाज एकदम खाली, "मी काही बोलले तर तिलापण नाही ना सांगणार तू?"

"नाही सांगणार."

"मग माझा पण केसपेपर काढू का गं?"

दोघींना एकाच काउन्सेलरनं वेगवेगळं बघणं बरोबर नाही, म्हणून त्यांना शेजारच्या खोलीतल्या सीनियर ताईंकडं घेऊन गेले, खुर्चीत बसवलं आणि दार ओढून घेतलं.