जेवण सहाला, रक्त द्यायचं साडेअकराला

आमचं घर बेळगावच्या वडगावात, माग चालवणाऱ्यांचं. कांड्या भरायचं काम माझ्याकडे. वय ४९, वजन ७८ किलो, शुगर सात वर्षांची. माग रात्री नऊला थांबायचे, जेवायला दहा वाजायचे आणि ताटात भात जास्त. फेब्रुवारीत एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर, ८.६ आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अक्का, आधी जेवणाच्या वेळा बदलूया. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, एवढ्यातच खायचं. पंधरा दिवसांनी रक्त तपासून या."

सहाला जेवायची सवय आठवड्याभरात झाली. मला लिहायचं आहे ते रक्त तपासणीच्या दिवसाबद्दल. राग अजून गेलेला नाही.

सकाळी साडेसातला दवाखान्याच्या रांगेत उभी राहिले. आदल्या संध्याकाळी सहानंतर पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. फास्टिंगला आठ तास पुरतात, माझे साडेतेरा झाले होते. खिडकी नऊला उघडली. फॉर्म सगळा कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, वाचायला वेळ लागतो. शेजारच्या मुलाकडून भरून घेतला. पावणेदहाला नंबर आला तर म्हणाले, चिठ्ठीवर डॉक्टरांचा शिक्का नाही, पलीकडच्या खिडकीवर जा. ती दहाला उघडणार होती. शिक्का घेऊन परत आले तेव्हा रांगेत पुन्हा शेवटी उभं केलं.

पावणेअकराला हात थरथरायला लागले. मानेवरून घामाच्या धारा, समोरच्या पाटीवरची अक्षरं हलायला लागली. खिडकीवर जाऊन विचारलं, काही खाऊ का? "खाल्लं तर सॅम्पल चालत नाही अक्का, दहाच माणसं राहिलीत." बाकावर खानापूरकडच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून साखरेची पुडी काढली. "आधी तोंडात घाल गं, रक्त काय पळून जातंय?" मुलाने दिलेलं ग्लुकोमीटर माझ्या पिशवीत होतं. बोट टोचून बघितलं तर ६१. सत्तरच्या खाली गेली की शुगर कमी झाली असं धरतात. तीन-चार चमचे साखर खाल्ली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं, ८४. साडेअकराला नंबर आला. "खाल्लंय ना? मग उद्या या."

एचबीए१सीला उपाशी राहावं लागत नाही. चिठ्ठीवर तीही तपासणी लिहिलेली होती. निदान तेवढ्यासाठी तरी रक्त घ्यायला हवं होतं. पण ऐकून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले तेव्हा खरं कारण कळलं. ग्लिमेपिराइडची गोळी मी वर्षानुवर्षं साडेसहाला, नाश्त्याआधी घेत होते. नाश्ता दहावर गेला, गोळी मात्र साडेसहालाच राहिली. रोज नऊच्या सुमाराला अंग गळायचं, ते मला अशक्तपणा वाटायचं. ही गोळी पोटात अन्न असो-नसो इन्सुलिन सोडायला लावते. डॉक्टरांनी ती २ मिलीग्रॅमवरून १ वर आणली आणि दहाच्या जेवणाबरोबर लावली. तेव्हापासून थरथर नाही. जेवणाची वेळ हलवायची असेल तर आधी प्रत्येक गोळीची वेळ विचारून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर न विचारता असलं काही सुरूच करू नये. माझ्या जाऊबाईंना शुगरची डॅपाग्लिफ्लोझिन नावाची गोळी चालू आहे, त्यांना लांब उपाशी राहायची मनाईच आहे. त्या गोळीवर उपाशी राहिलं तर रक्तात आम्ल वाढायचा धोका असतो. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर अशी खाली जायची भीती कमी.

संकष्टीचं राहिलंच. चंद्रोदयानंतर साबुदाण्याची खिचडी म्हणजे आमच्यासाठी दोन्हीकडून नुकसान. रात्रीचं खाणं, त्यात निव्वळ पिठूळ. मी आता नैवेद्य दाखवते आणि स्वतः सकाळी जेवते. सासूबाईंनी समजून घेतलं.

मुलाने एक अभ्यास वाचून दाखवला. शिकागोमध्ये मधुमेह असलेल्या जाड माणसांवर केलेला, २०२३ मध्ये छापून आलेला. एका गटाने दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्यातच खाल्लं, दुसऱ्याने उष्मांक मोजून कमी खाल्लं. सहा महिन्यांत दोन्ही गटांचं एचबीए१सी जवळजवळ सारखंच उतरलं. म्हणजे घड्याळात जादू नाही, पण मला भाताचे उष्मांक मोजणं जमलं नसतं, घड्याळ बघणं जमलं.

मे महिन्यात एचबीए१सी ७.४ आलं, वजन ७३.५. काटा बघून डोळ्यांत पाणी आलं.

आता रक्त मी घराजवळच्या लॅबमध्ये देते. साडेसहाला उघडते, सातला मी घरी. पैसे जास्त जातात. ज्यांना परवडत नाही ते अजून त्या रांगेत उभे आहेत, म्हणून दवाखान्यात अर्ज दिला आहे: शुगरवाल्यांचं फास्टिंगचं रक्त आधी घ्या आणि बाकाजवळ साखर ठेवा. मुलीकडून कन्नडमध्ये लिहून घेतला, खाली मराठीतही. पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही.