कात्री, दौत आणि शोनब्रुनचं घर

दोर आडवा लावलेला होता, त्यामुळे भिंतीपासून लांबच उभं राहावं लागलं. मी पिशवीतून पक्षी बघायची छोटी दुर्बीण काढली. भाची म्हणाली, "मावशी, राजवाड्यात दुर्बीण?" मी म्हटलं, "थांब जरा, मला रेघ बघायची आहे."

व्हिएन्नातल्या शोनब्रुन राजवाड्यातली ही खोली 'मिलियन्स रूम' या नावाने ओळखतात. नाव पडलं ते खर्चावरून. भिंतींना गुलाबी झाक असलेल्या शिसवी जातीच्या लाकडाचं आच्छादन आहे आणि त्यात वेलांटीदार सोनेरी चौकटी बसवल्या आहेत. एकही चौकट सरळ चौकोनी नाही, शंखासारख्या, पानासारख्या, वाटेल तशा वळलेल्या. आणि त्या चौकटींत, काचेखाली, आपली चित्रं. मुघल दरबारची लघुचित्रं. पगड्या, जामे, घोडे, गच्चीवर बसलेल्या स्त्रिया, शिकारीला निघालेले स्वार.

मी पंचवीसएक वर्षं कोल्हापुरात शाळेत चित्रकला शिकवली. लघुचित्र म्हणजे काय असतं ते मुलांना सांगताना मी नेहमी कागदापासून सुरुवात करायची. कागदावर कागद चिकटवून आधी जाड वसली करायची, अकीकाच्या दगडाने घोटून ती गुळगुळीत करायची, मग खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला घेऊन एकेक पापणी काढायची. एका पानावर कधी दोन-तीन चितारी बसायचे, एक रेखाटन करणारा, एक रंग भरणारा, एक फक्त चेहरे काढणारा. शेवटी भोवतीचा हाशिया. चित्राची मांडणी त्या हाशियापर्यंत मोजून केलेली असते.

शोनब्रुनच्या या चौकटींत हाशिये नाहीत, कारण चित्रं कापली आहेत. वाकड्यातिकड्या चौकटीत बसावीत म्हणून कात्रीने कापून, एका चित्रातली माणसं दुसऱ्या चित्राच्या शेजारी चिकटवून, नवीच चित्रं जुळवली आहेत. दुर्बिणीतून नीट बघितलं की कळतं. एका ठिकाणी जमिनीचा हिरवा अचानक दुसराच होतो, माणसांचे आकार एकमेकांशी जुळत नाहीत. आणि ही कापाकापी कुणा कारागिराने केलेली नाही. राजघराण्यातल्या मंडळींनी स्वतः बसून केली आहे. हौस म्हणून.

मला राग आला, अगदी खरा राग. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या बादशहांच्या आयुष्यातले प्रसंग, कुणी महिनोन्महिने डोळे फोडून काढलेले, आणि व्हिएन्नात कुणीतरी दुपारच्या वेळी कात्री चालवली. सतराव्या शतकातला थोर डच चित्रकार रेम्ब्रांट याने मुघल चित्रं समोर ठेवून वीसेक रेखाटनं केली होती. त्यातल्या एकात झाडाखाली बसलेले चार वृद्ध आहेत आणि त्याचं मूळ याच राजवाड्यातल्या चित्रात सापडतं, असं अभ्यासक मानतात. रेम्ब्रांट त्या रेषेपुढे विद्यार्थ्यासारखा बसला. इथे ती कापली गेली.

भाचीने माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. तिला माझा स्वभाव माहीत आहे.

आम्ही सकाळीच आलो होतो. ऑक्टोबर होता, भुयारी रेल्वेच्या यू-फोर मार्गाने शोनब्रुनला उतरलं की पाच-सात मिनिटांत तो पिवळा वाडा समोर येतो. यलो ऑकरमध्ये भरपूर पांढरा मिसळला की होतो तसा पिवळा, त्याला हिरव्या खिडक्या. वाड्यात 1,441 खोल्या आहेत, बघायला मिळतात त्या चाळीसच्या आसपास. लोक बहुतेक सम्राट फ्रान्झ योसेफ आणि त्याची राणी सिसी यांच्यासाठी येतात. त्याचा तो लोखंडी पलंग मीही बघितला. 1848 ते 1916 राज्य केलेला माणूस इथेच जन्मला आणि इथेच गेला. पण माझं मन शंभर वर्षं मागच्या कुटुंबात अडकलं ते तिथून हललंच नाही.

ते कुटुंब मारिया थेरेसाचं. बाप गेला तेव्हा, 1740 साली, ती 23 वर्षांची होती आणि ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्याची सगळी जहागीर तिच्या अंगावर पडली. शेजारी लगेच लचके तोडायला आले. लढाया चालूच होत्या आणि घरात पाळणाही हलत होता. तिला 16 मुलं झाली, 11 मुली आणि 5 मुलगे. त्यातली दहा मोठी झाली. तरुणपणी तिला नाच आवडायचा, पत्ते आवडायचे, पैसे लावूनही खेळायची. प्राग परत जिंकल्याच्या आनंदात जानेवारी 1743 मध्ये हिवाळी अश्वशाळेत फक्त बायकांचा घोडदौडीचा सोहळा झाला आणि त्याचं नेतृत्व तिने स्वतः केलं. त्याचं भलंमोठं चित्र इथे एका दालनात आहे आणि दालनाचं नावही त्यावरूनच पडलं आहे.

आणि मग 'पोर्सेलिन रूम' आली. आली म्हणजे, लहानशी खोली. भिंतीवर निळी-पांढरी नक्षी, फळं, फुलं, चिनी छत्र्या, सगळं चिनी मातीचं वाटावं असं. पण माती कुठेच नाही, लाकूड आहे. लाकूड कोरून निळ्या-पांढऱ्या रंगात रंगवलंय. त्या नक्षीत 213 छोटी चित्रं बसवली आहेत, निळ्या शाईने काढलेली. ती काढणारे हात मारिया थेरेसाचा नवरा सम्राट फ्रान्झ स्टीफन आणि त्यांची मुलं यांचे मानतात. मूळ नमुने फ्रेंच चित्रकारांचे, बूशे, पीयमां वगैरेंचे, आणि ते बघून घरच्यांनी गिरवलेले. थोरला मुलगा योसेफ याची बायको, म्हणजे सून इझाबेला, हिचाही या खोलीच्या कामात हात होता असं सांगतात.

मी शाळेत मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. गिरवलेली रेघ मला लांबूनही कळते. ती मध्येच दाबली जाते, वळणाशी थांबते, पुढचं बघून घेते आणि मग निघते. दुर्बिणीतून एका चित्रात पाण्यात पाय सोडून बसलेला माणूस दिसला. पायाची रेघ छान आली होती, हाताची बोटं मात्र जमली नव्हती, शाईचा जाडसर पुंजका झाला होता. बोटं भल्याभल्यांना जमत नाहीत. तो पुंजका कुणी खोडला नाही, दुसरं चांगलं चित्र आणून त्या जागी लावलं नाही. आईने तसाच भिंतीत बसवला, आणि ही खोली कोणती तर तिची लिहिण्या-बसण्याची.

तिथे मी बराच वेळ थांबले. मागून येणारे गट दोनदा पुढे गेले.

या मुलांमध्ये हात सगळ्यात चांगला होता मारी क्रिस्टीनचा. घरात तिला मिमी म्हणत. आईची सर्वांत लाडकी, आणि भावंडांना त्याचा राग यायचा. तिचं आणि वहिनी इझाबेलाचं एकमेकींवाचून पान हलत नसे. एकाच वाड्यात राहून इझाबेला तिला चिठ्ठ्या लिहायची, अशी सुमारे 200 पत्रं आजही आहेत. इझाबेला 1763 मध्ये देवीने गेली, 21 वर्षांची.

देवी. आपल्याकडे त्या रोगाला देवीचं नाव दिलं. त्या वाड्यातही तो वर्षानुवर्षं आलागेला. 1761 मध्ये मुलगा कार्ल गेला, 1762 मध्ये मुलगी योहाना. 1767 मध्ये खुद्द मारिया थेरेसाला देवी आल्या, ती वाचली, पण योसेफची दुसरी बायको गेली. त्याच ऑक्टोबरात 16 वर्षांची योसेफा गेली, जिचं लग्न नेपल्सच्या राजाशी ठरलं होतं. मग तिच्या जागी धाकटी बहीण कारोलिना नेपल्सला धाडली. एलिझाबेथ घरातली देखणी मुलगी, ती वाचली पण चेहऱ्यावर व्रण राहिले. तिचं लग्न झालंच नाही. पुढच्या वर्षी मारिया थेरेसाने इंगेनहाउस नावाच्या डच वैद्याला बोलावून घरच्या मुलांना टोचून घेतलं. जेन्नरची गाईच्या देवीची लस यायला अजून 28 वर्षं होती. हे टोचणं म्हणजे खऱ्याच देवीची लागण थोडक्यात करून घेणं, त्यात जिवाला धोका होता. टोचून घेतलेल्या पहिल्या 65 मुलांना तिने शोनब्रुनला जेवायला बोलावलं आणि वाढायला स्वतः उभी राहिली. मला ही गोष्ट तिच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठी वाटते.

काळ्या लाखेच्या चिनी तक्त्यांनी मढवलेली एक खोली आहे, ती तिने नवरा गेल्यावर त्याच्या आठवणीसाठी करून घेतली. फ्रान्झ स्टीफन ऑगस्ट 1765 मध्ये इन्सब्रुकला अचानक गेला. त्यानंतर पंधरा वर्षं, स्वतः जाईपर्यंत, तिने काळा वेष सोडला नाही. तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात एक टिपण सापडलं. त्यात तिने आपल्या सुखी संसाराचा हिशोब मांडला होता. 29 वर्षं, 6 महिने, 6 दिवस. मग दिवस, 10,781. मग तास, 2,58,744. राज्याचा जमाखर्च बघणाऱ्या बाईने दुःखातही आकडेच हाताशी घेतले. भाचीने मोबाईलवर गुणाकार करून बघितला. बरोबर आला.

या फ्रान्झ स्टीफनला राज्यकारभारात फारसा वाव नव्हता, तो बायकोकडे. त्याचा जीव खनिजांत, नाण्यांत, झाडांत आणि प्राण्यांत. शोनब्रुनच्या बागेतलं प्राणिसंग्रहालय त्याने 1752 मध्ये उभारलं आणि ते आजही चालू आहे, जगातलं सर्वांत जुनं. मधोमध अष्टकोनी मंडप आणि त्याच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे प्राण्यांचे वाडे. सम्राट आणि सम्राज्ञी या मंडपात न्याहारीला येत. आता तिथे उपाहारगृह आहे. आम्ही तिथे कॉफी आणि सफरचंदाचं श्ट्रूडेल घेतलं. छताकडे बघत बसावं अशी जागा आहे. बाहेर लहान मुलांचा कलकलाट चालू होता.

दुसऱ्या दिवशी शहरात, नोइअर मार्क्ट चौकातल्या कापुचिन मठाच्या तळघरात गेलो. घराण्यातली दीडशेच्या आसपास माणसं तिथे आहेत. सगळ्यात मोठी शवपेटी मारिया थेरेसा आणि फ्रान्झ स्टीफन यांची, दोघांची मिळून एक. बाल्थासार मोल या शिल्पकाराने 1754 मध्ये, दोघं हयात असताना घडवली. झाकणावर दोघं अर्धवट उठून बसली आहेत, झोपेतून जाग आल्यासारखी, आणि एकमेकांकडे बघतायत. समोर थोरल्या मुलाची, योसेफची, तांब्याची अगदी साधी पेटी.

तिथेच आणखी एक पेटी आहे. घराण्याबाहेरची एकच व्यक्ती त्या तळघरात आहे आणि ती म्हणजे मारिया थेरेसाला लहानपणी सांभाळणारी शिक्षिका, काउंटेस फुक्स. राजरक्ताशिवाय कुणाला तिथे जागा नव्हती. आपल्या बाईंना तिने तरीही घरातल्यांत ठेवलं. मी बाई म्हणूनच आयुष्य काढलं. मी तिथे हात जोडले.

मारी क्रिस्टीनची समाधी मात्र जवळच्या ऑगस्टिनियन चर्चमध्ये बघितली. घरात मनासारखं लग्न करायची परवानगी तिलाच मिळाली होती. तिचा नवरा आल्बर्ट याच्या चित्रसंग्रहातून आजचं आल्बर्टिना संग्रहालय झालं. ती 1798 मध्ये गेली तेव्हा त्याने कानोव्हा या इटालियन शिल्पकाराकडून ही समाधी करून घेतली. पांढऱ्या संगमरवराचा पिरॅमिड, त्याला काळोखं उघडं दार, आणि दाराकडे पाठमोरे चाललेले लोक. एक आंधळा म्हातारा पायरी चाचपडतोय. दगडाचं वस्त्र पायऱ्यांवर ओघळलंय. वर लॅटिनमध्ये लिहिलंय, सर्वोत्तम पत्नीला, आल्बर्टकडून. आत कुणीच नाही, ती कापुचिन मठाच्या तळघरातच आहे.

निघायच्या आदल्या दिवशी मी एकटीच परत शोनब्रुनला गेले. भाची कामावर होती. सरळ मिलियन्स रूममध्ये गेले आणि दुर्बीण लावली. राग गेला असं मी म्हणणार नाही. ती चित्रं कापायला नको होती. पण या वेळी मी कापलेल्या कडा बघत होते. एका स्वाराच्या घोड्याच्या शेपटीभोवती कात्री फार सांभाळून फिरवली आहे, शेपटीचा एक केस तुटलेला नाही. कापणाऱ्याला ती शेपटी आवडली होती.

दुकानातून दोन कार्डं घेतली. मारी क्रिस्टीनने 1762 च्या सुमारास काढलेलं घरचं चित्र, संत निकोलसच्या सणाची सकाळ. मांडणी तिने एका डच चित्रावरून घेतली आहे, माणसं आपल्या घरची. सम्राट घरच्या झग्यात, डोक्याला टोपी बांधून शेकोटीशी बसलाय. मागे मारिया थेरेसा उभी. सगळ्यात धाकटा माक्सिमिलियन जमिनीवर खाऊ घेऊन बसलाय, फर्डिनांडला खाऊऐवजी छडी मिळाली म्हणून तो रडतोय, आणि छोटी आंतोनिया बाहुली उंच धरून सगळ्यांना दाखवतेय. हीच पुढे फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत. चित्र काढणारी स्वतःही त्यात आहे, रडणाऱ्या भावाजवळ उभी.

एक कार्ड भाचीच्या फ्रिजवर लावलंय. दुसरं इथे माझ्या टेबलावर आहे, रंगांच्या डब्याशेजारी.