तुम्ही विचारलेत म्हणून: सोम तमच्या ड्रेसिंगचे माप

कच्च्या पपईच्या थाई सॅलडच्या, म्हणजेच सोम तमच्या, ड्रेसिंगचे नेमके माप काय, हा प्रश्न आमच्या घरी जेवून गेलेली माणसे मला हमखास विचारतात. त्यांच्यापैकी अनेकांनी हा पदार्थ स्वतः करूनही पाहिलेला असतो. पपई बारीक किसणीवर किसलेली असते, लिंबाचा रस, सोया सॉस, मध आणि थोडे तेल वाटीत फेटून वरून ओतलेले असते, आणि तरीही पपई बेचव लागते व रस मात्र भांड्याच्या तळाशी साचून राहतो. मग माप चुकले असणार, असा त्यांचा समज होतो.

माप मी आधीच सांगून टाकते. दोन माणसांपुरत्या, म्हणजे साधारण २०० ग्रॅम, पपईला लसणीच्या चार लहान पाकळ्या, दोन-तीन लवंगी मिरच्या, दीड मोठा चमचा किसलेला गूळ, दीड मोठा चमचा फिश सॉस आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस लागतो. मोठा चमचा १५ मिलिलिटरचा धरावा. त्याखेरीज चवळीच्या दोन-तीन कोवळ्या शेंगा, एक मध्यम टोमॅटो, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि चालत असल्यास एक मोठा चमचा सोडे घ्यावेत. तेल अजिबात लागत नाही. मात्र हे माप हाती आले म्हणून अडचण दूर होत नाही, कारण सोम तमला वरून ओतायचे ड्रेसिंग असे नसतेच. त्याचा रस खलात, भाजीच्या सोबतीनेच तयार होतो आणि तिथेच तो भाजीत उतरतो. माझ्या मते या पदार्थाचे सारे मर्म कुटण्यात आहे, आणि वाटीत फेटलेल्या मिश्रणाने ते कधीही साधत नाही.

हे पटण्यासाठी तो पदार्थ कुठला आहे हे पाहावे. थायलंडच्या ईशान्येला कोराटचे पठार आहे. त्या भागाला ईसान म्हणतात आणि मेकाँग नदी ओलांडली की पलीकडे लाओस लागतो. ईसानमधील बहुसंख्य लोक लाओ वंशाचे आहेत आणि कच्च्या पपईचे हे कुटलेले सॅलड नदीच्या दोन्ही काठांवर रोजच्या जेवणात असते. कामधंद्यासाठी बँकॉकला गेलेल्या ईसानच्या मजुरांबरोबर, टॅक्सीचालकांबरोबर आणि खाण्याच्या गाड्या लावणाऱ्या बायकांबरोबर ते राजधानीत गेले आणि तेथून जगभर पोहोचले. गंमत अशी, की ज्याला आपण अस्सल आशियाई सॅलड समजतो, त्यातील पपई, मिरची, टोमॅटो आणि शेंगदाणा ही चारही पिके मूळची अमेरिका खंडांतील आहेत. १४९२ नंतर स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांच्या वाटेने ती आशियात आली. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली हे तर आपल्या सर्वांना ठाऊकच आहे. तेव्हा या पदार्थाचे आशियाईपण भाज्यांमध्ये शोधू नये. ते आहे मासळी आंबवून केलेल्या खारट रसात, लिंबाच्या आंबटपणात, माडाताडाच्या गुळात आणि हे सगळे एकत्र कुटण्याच्या रीतीत.

खलाबद्दल मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण तिथेच बहुतेकांची गाडी अडते. थायलंडमध्ये करीचे वाटण दगडी खलात, दगडी बत्त्याने करतात. त्याचे काम चिरडून लगदा करणे हेच असते. सोम तमचा खल मात्र वेगळा असतो. तो भाजलेल्या मातीचा, उंच आणि खोल असतो आणि त्याचा बत्ता लाकडाचा असतो. लाकूड मातीवर आपटते तेव्हा घाव मऊ बसतो. पपईची पट्टी तुटत नाही, तिला फक्त मार बसतो आणि तिच्या काही पेशी फुटतात. त्या फटींतून आंबट-गोड-खारट रस आत शिरतो आणि उरलेल्या अखंड पेशींमुळे पट्टी दाताखाली करकरीत लागते. बँकॉकच्या गाडीवरची बाई एका हाताने बत्ता चालवते आणि दुसऱ्या हातातील लांब चमच्याने तळची भाजी सतत वर आणते. प्रत्येक घावाखाली नवी पट्टी येते, एकच पट्टी पुन्हा पुन्हा चेपली जात नाही, आणि मनगट इतके सैल असते की हे काम जोराचे नसून लयीचे आहे हे पाहताक्षणी कळते.

आपल्या घरातील खलबत्ता बहुधा लोखंडी, पितळी किंवा दगडी असतो. पितळेत आणि लोखंडात लिंबू-टोमॅटो घालू नये, आंबट पदार्थ त्यात कळकतो. दगडी खल चालतो, पण त्याचा दगडी बत्ता फक्त लसूण, मिरची आणि गूळ यांच्यापुरताच वापरावा. त्यानंतरचे सारे काम जाड बुडाच्या स्टीलच्या खोल पातेल्यात, लाकडी लाटण्याच्या टोकाने करावे. मातीचा खल मिळाला तर उत्तमच, पण त्यावाचून हा पदार्थ अडत नाही.

दुसरी गोष्ट पपई कापण्याची. कच्ची म्हणजे पूर्ण कच्ची. आतला गर पांढरट-हिरवा आणि बिया पांढऱ्या असाव्यात. किंचित केशरी छटा आली असेल तर ती पपई भाजीला वापरावी, कारण ती खलात विरघळते. साल काढल्यावर चीक येतो, तो हाताला खाजतो, म्हणून पपई वाहत्या पाण्याखाली नीट धुवावी. नंतर थाई बायका जे करतात, ते पाहून कोणाही मराठी गृहिणीला ओळखीचे वाटेल, कारण काकडीच्या कोशिंबिरीसाठी आपण काकडी चोचवतो तीच ही पद्धत आहे. पपई डाव्या हाताच्या तळव्यावर धरायची, उजव्या हातातील जड सुरीने तिच्या लांबीवर उभे, जवळजवळ घाव घालायचे आणि मग सुरी आडवी धरून वरचा थर सोलून काढायचा. अशा पट्ट्या एकसारख्या येत नाहीत, आणि तेच हवे असते. काही धाग्यासारख्या बारीक असतात, त्या रसात लगेच मुरतात. काही आगपेटीच्या काडीएवढ्या जाड असतात, त्या करकरीत राहतात. किसणीवर किसलेल्या पपईचा मात्र दोन घावांतच चोथा होतो. चोचवणे ज्यांना जमत नाही त्यांनी लांब, जाडसर पट्ट्या पाडणारी किसणी वापरावी, खोबऱ्याची बारीक किसणी मुळीच वापरू नये. पट्ट्या दहा-पंधरा मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवल्या की पेशी पाणी शोषून ताठ होतात. त्यानंतर त्या निथळून, फडक्यावर पसरून अगदी कोरड्या कराव्यात. पट्ट्यांवर राहिलेले पाणी सगळा रस पांचट करते.

आता क्रम पाहू. प्रथम लसूण आणि मिरची एकत्र ठेचायची, पण वाटायची नाही. मिरचीचे तुकडे दिसले पाहिजेत, म्हणजे ज्याला नको त्याला ते बाजूला काढता येतात. मग गूळ घालून तो लसणीच्या ओलाव्यात मऊ होईपर्यंत घोटायचा. गूळ आधी घालण्याचे कारण सरळ आहे: तो मागाहून घातला तर त्याचे खडे पपईत तसेच राहतात. त्यानंतर चवळीच्या शेंगांचे बोटभर तुकडे घालून त्या फुटेपर्यंत ठेचायच्या, कारण कच्च्या शेंगेची साल न फुटल्यास रस आत जातच नाही. मग सोडे आणि निम्मे शेंगदाणे घालायचे. लिंबाचा रस आणि फिश सॉस यांची पाळी यानंतर येते. ते घालून, गूळ पूर्ण विरघळल्यावर, खलातील रस चमच्याने चाखायचा. या घटकेला तो थोडा तीव्र लागला पाहिजे, कारण पपईला स्वतःची चव जवळजवळ नसते आणि ती आल्यावर सगळे सौम्य होते. शेवटी पपई आणि टोमॅटोच्या फोडी. टोमॅटो इतकाच दाबायचा की त्याचा रस सुटेल आणि फोड मात्र ओळखू येईल. लिंबाची पिळलेली एखादी फोडही सालासकट खलात टाकावी. तिच्या सालीतल्या तेलाचा वास रसाला लागतो. पंधरा-वीस हलके घाव पुरतात. उरलेले शेंगदाणे वरून घालावेत.

चाखणे मी मापापेक्षा मोठे मानते. थायलंडमध्ये गाडीवर गिऱ्हाइकाला मिरच्या किती हे विचारूनच खल भरतात, आणि आंबट जास्त हवे की गोड, हेही सांगण्याची मुभा असते. लिंबे ऋतूप्रमाणे बदलतात, गूळ कधी खारट निघतो, फिश सॉसच्या प्रत्येक बाटलीचे मीठ वेगळे असते. आपले कागदी लिंबू थायलंडच्या लिंबाच्या जातीचेच आहे, त्यामुळे त्याला पर्याय शोधण्याची गरज नाही. गुळाच्या बाबतीत मात्र कोकणात किंवा गोव्यात माडाचा गूळ मिळाला तर तो आवर्जून आणावा. त्याची गोडी सौम्य आणि थोडी धुरकट असते व ती थायलंडच्या ताडामाडाच्या गुळाच्या फार जवळ जाते. उसाचा गूळ चालतो, पण काळसर नको, पिवळा घ्यावा. मध मला या पदार्थात आवडत नाही, त्याचा वास लिंबाच्या वर चढतो.

फिश सॉस म्हणजे लहान मासळी मिठात घालून वर्षभर किंवा त्याहून अधिक मुरवल्यावर सुटलेला तांबूस रस. बाटलीचा वास उग्र येतो, पण लिंबाशी गाठ पडली की तो वास मागे सरतो आणि खारटपणाबरोबर एक भरीव, मांसल चव उरते. ईसानच्या खेड्यांत याखेरीज प्ला रा नावाचा, गोड्या पाण्यातील मासळी मीठ आणि तांदळाच्या कोंड्यात आंबवून केलेला गढूळ रस घालतात. शेंगदाणे व सोडे घातलेला गोडसर प्रकार बँकॉकचा, आणि प्ला रा घातलेला, शेंगदाण्याविना केलेला, अधिक खारट-आंबट प्रकार मूळ मुलखाचा, असा ढोबळ भेद करता येईल. ज्यांनी बोंबील आणि जवळा लहानपणापासून खाल्ला आहे, त्यांना दुसरा प्रकारही परका वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे. शाकाहारी घरांसाठी मी फिश सॉसऐवजी पातळ सोया सॉस घेते, तो थोडा कमी घालून वर चिमूटभर मीठ घालते, आणि सुकी शिताके अळंबी भिजवलेले एक चमचा पाणीही घालते, म्हणजे ती भरीव चव बऱ्याच अंशी भरून निघते. शाकाहारी सोम तमला कमअस्सल समजण्याचे कारण नाही. थायलंडमध्येही शाकाहाराचे नियम पाळणारे लोक ते सोया सॉस घालूनच करतात.

आपल्या हाताला लागलेल्या दोन सवयी इथे आवराव्या लागतात. पहिली दाण्याच्या कुटाची. कूट रस शोषून घेते, सॅलड दुधाळ आणि जड होते आणि लिंबाची धार बोथट होते. शेंगदाणे भाजून, सोलून, अर्धे झालेलेच घालावेत. दुसरी सवय फोडणीची. हिंग-मोहरीची फोडणी घातलेली कच्च्या पपईची कोशिंबीर मला मनापासून आवडते, पण तो निराळा पदार्थ आहे; सोम तमच्या रसावर तेलाचा तवंग आला की पट्टीला रस धरत नाही.

परदेशात राहणाऱ्या मैत्रिणी विचारतात, की कच्ची पपई मिळत नाही तेथे काय करावे. नवलकोल घ्यावा, तो करकरीत असतो, किंचित गोड असतो आणि घाव उत्तम सोसतो. गाजर निम्म्यापर्यंत मिसळता येते. थायलंडमध्ये काकडीचे, मक्याच्या दाण्यांचे आणि कैरीचेही याच रीतीने करतात. काकडीच्या बिया काढाव्यात आणि कैरी असेल तर लिंबू निम्मे करावे. गर्भवती स्त्रियांना मी पपईचे न देता नवलकोलाचेच करून देते, कारण चीक असलेली कच्ची पपई त्या काळात टाळावी असे डॉक्टरही सांगतात.

राहता राहिला डब्याचा प्रश्न, जो मापाच्या खालोखाल विचारला जातो. कुटलेले सोम तम डब्यात नेता येत नाही. मीठ आणि गूळ लागताच पपईचे पाणी बाहेर येऊ लागते आणि अर्ध्या तासात पट्ट्या लिबलिबीत होतात. ज्यांना पूर्वतयारी हवी आहे त्यांनी कोरड्या केलेल्या पट्ट्या ओलसर फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवाव्यात, त्या दुसऱ्या दिवसापर्यंत चांगल्या राहतात. लसूण, मिरची आणि गूळ यांचा ठेचाही सकाळी करून ठेवता येईल. लिंबू मात्र आधी पिळू नये. पाहुणे येणार असतील तर भात, भाजलेली कोंबडी किंवा पनीर, कोबीची कच्ची पाने हे सारे आधी ताटात वाढावे, सगळ्यांना बसवावे आणि मगच पपई खलात घालावी. एका वेळी दोन माणसांपुरतेच कुटावे; खल गच्च भरला की खालची भाजी चेंगरते आणि वरची कोरडी राहते. सहा माणसे असतील तर तीनदा कुटावे आणि दर वेळी रस चाखावा.