फायर ब्रिकचा मेल्टिंग पॉइंट आणि अडकलेलं बिल

माल वेळेत गेला, लॅबचा रिपोर्ट उत्तम आला, तरी बिल अडकलं. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, आम्ही फायर ब्रिक, म्हणजे भट्टीला लागणारी उष्णता सोसणारी वीट बनवतो. ग्राहक कंपनीच्या फॉर्मवर ‘मेल्टिंग पॉइंट’ असा रकाना होता, आणि त्यात एकच आकडा हवा होता.

रिपोर्टवर होतं, पीसीई ३१ ते ३१½, ऑर्टन. पीसीई म्हणजे पायरोमेट्रिक कोन इक्विव्हॅलंट, वीट कितव्या नंबरच्या शंकूबरोबर मऊ पडून वाकते ते; ऑर्टन हा त्या नंबरी शंकूंचा एक प्रकार. विटेची बारीक पूड करून तिचे छोटे शंकू पाडतात आणि प्रमाणित नंबरी शंकूंच्या शेजारी एकाच प्लेटवर बसवून भट्टीत तापवतात. आमच्या शंकूचं टोक ३१ नंबरनंतर, पण ३१½च्या आधी प्लेटला टेकलं. अंशांत म्हणाल तर साधारण १६८३ आणि १६९९ सेल्सिअसच्या मधे.

परचेसचे साहेब म्हणाले, “अशी रेंज आमची सिस्टिम घेत नाही. सरासरी टाका ना!”

मी नाही टाकली. अहो, शुद्ध अ‍ॅल्युमिना असता तर २०५० अंशांच्या आसपास, असं लिहूनही दिलं असतं. आमची वीट फायर क्ले या मातीची, आणि फायर क्ले म्हणजे अ‍ॅल्युमिना, सिलिका, थोडं लोह, थोडे अल्कली. आधी त्यातला काही भाग पातळ होतो, बाकीचा तग धरून राहतो, आणि वीट हळूहळू मऊ पडते. बर्फासारखी ती एका अंशाला वितळत नाही. शिवाय भट्टी सावकाश तापवली तर तोच शंकू कमी तापमानाला वाकतो. मग सरासरीचा तो आकडा कशाचा? हे मी फोनवर, मेलवर, समोर बसून सांगत राहिलो. दर वेळी उत्तर तेच, रकाना भरा.

शेवटी त्यांच्याच क्वालिटीतल्या एका काकांनी, ज्यांचं आयुष्य भट्टीपाशी गेलंय, ऑर्डरमध्ये दुरुस्ती करून घेतली : ‘आयएस १५२८ भाग १ प्रमाणे पीसीई, किमान ३१’. आयएस १५२८ म्हणजे अशा मालाच्या चाचण्यांचं भारतीय मानक. बिल लगेच सुटलं. मी खोटा आकडा दिला नाही याचा मला आजही अभिमान आहे.

तेव्हा ही ओळ ऑर्डर घेतानाच लिहून घ्या. सॅम्पल एकाच विटेचं देऊ नका. आणि हो, पूड लोखंडी खलात केली असेल तर चुंबक फिरवून लोखंडाचे कण काढायला सांगा, नाहीतर वीट चांगली असून शंकू लवकर पडतो. भट्टीच्या छतासाठी वीट घेणाऱ्यांनी नुसत्या पीसीईवर जाऊ नये, भाराखालची टेस्टही मागावी. वजन आलं की वीट पीसीईच्या तापमानाच्या कितीतरी आधी दबू लागते.