पुढच्या गिअरमध्ये रिव्हर्सचा आवाज

मंगळवार आणि शुक्रवार आईचं डायलिसिस असतं. नागपुरात चिंचभवनहून रामदासपेठेत जायचं, चार तास मशीनवर, मग परत. मशीनचे अलार्म ऐकून तिचं डोकं भणाणलेलं असतं, म्हणून येताना मी गाडीत रेडिओसुद्धा लावत नाही. ती मागच्या सीटवर डोळे मिटून पडून राहते. त्याच गाडीत मेच्या पहिल्या आठवड्यात पार्किंग सेन्सर विनाकारण वाजायला लागला. रहाटे कॉलनीच्या सिग्नलला उभे होतो, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि टीं-टीं-टीं सुरू झालं. मग सलग टींऽऽ. आई दचकून म्हणाली, "इथंही मशीन लावलं का रे?"

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. हे काहीही करून बंद करायचं, असं त्याच क्षणी ठरवलं.

गाडी २०२० ची, मॅन्युअल गिअरची छोटी हॅचबॅक. कॅमेरा नाही. मागच्या बंपरमध्ये चार सेन्सर आणि आत बझर. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारला मागचे सेन्सर सक्तीचे झाले, म्हणून साध्या मॉडेललाही ते आले. महागड्या गाड्यांत सेन्सर बंद करायला 'पी' लिहिलेलं बटण असतं, आमच्यात ते नाही. गाडीची पुस्तिका दोनदा वाचली. रिव्हर्स टाकला की सेन्सर सुरू, काढला की बंद, इतकंच त्यात होतं.

आधी सगळे करतात तेच केलं. ओल्या फडक्यानं चारही सेन्सर पुसले, नंबर प्लेट वाकून सेन्सरसमोर आली नाही ना ते पाहिलं. फरक शून्य. मग गाडी सर्व्हिस सेंटरला टाकली. रात्रभर त्यांच्याकडेच होती. सकाळी फोन आला की आम्ही तपासलं तेव्हा एकदाही वाजला नाही, पण चारही सेन्सर आणि ते चालवणारं मॉड्यूल बदलून घ्या. आकडा नऊ हजारांच्या वर होता. दोष दिसलाच नाही तर बदलायचं काय, हे मला कुणी नीट सांगेना. गाडी परत आणली.

शेजारच्यांनी बझरची वायर कापून टाकायचा सल्ला दिला. खरं सांगतो, आईचा चेहरा आठवून मी पक्कडही हातात घेतली होती. पण आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी लहान मुलं सायकली फिरवतात. रिव्हर्स घेताना तो आवाज मला हवाच होता.

मग स्वतःच शोध सुरू केला. सेन्सर जिवंत आहे का हे ओळखायची एक सोपी रीत आहे. हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन ऑन करायचं, रिव्हर्स टाकायचा आणि एकेका सेन्सरला कान लावायचा. सेन्सर साधारण ४० किलोहर्ट्झचा ध्वनी सोडतो. आपला कान २० च्या पुढचं ऐकत नाही, पण प्रत्येक स्पंदनाबरोबर घड्याळासारखी बारीक टिकटिक ऐकू येते. मेलेला सेन्सर गप्प असतो. मुलाला आत बसवलं आणि मी गुडघ्यावर बसून ऐकलं. चारही टिकटिकत होते. म्हणजे ज्यांच्यासाठी नऊ हजार मागितले, ते चारही ठणठणीत.

तेव्हा माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. विमानतळाकडून अजनीपर्यंतच्या डबलडेकर पुलावर आवाज कधीच येत नव्हता. खाली उतरून सिग्नलला थांबलं की सुरू. मी ऊन, धूळ, खड्डे, सगळ्यांवर संशय घेतला. उत्तर मात्र पुढच्या शुक्रवारी एका मुलीनं दिलं. सिग्नलला मागून सारखा हॉर्न वाजत होता. दिवा हिरवा व्हायच्या आधी ती स्कूटी काचेजवळ घेऊन आली आणि म्हणाली, "काकाजी, तुमचा रिव्हर्सचा लाइट सुरू आहे. गाडी अंगावर येते की काय म्हणून मी मागं सरकून सरकून थकली."

डोक्यात एकदम उजेड पडला. सेन्सर खोटं बोलतच नव्हता. गाडीची समजूत अशी होती की ती रिव्हर्समध्ये आहे. म्हणून सेन्सर इमानानं मागचं अंतर मोजत होते. पुलावर मागे दीड मीटरच्या आत कुणी नसतं, म्हणून शांतता. सिग्नलला स्कूटी बंपरला चिकटते, म्हणून ओरड. मला आवाजाचा त्रास होत होता, पण मागच्या माणसाला आठवडाभर माझी गाडी चुकीचा इशारा देत होती, हे जास्त गंभीर होतं. त्या मुलीला नीट धन्यवादही देता आले नाहीत, सिग्नल सुटला.

घरी पोचल्यावर गाडी भिंतीकडे पाठ करून लावली. न्यूट्रलमध्ये, तरी भिंतीवर पांढरा उजेड. फ्यूजबॉक्समधला रिव्हर्स लाइटचा लाल, १० अँपियरचा फ्यूज उपसला तर उजेड आणि सेन्सर दोन्ही एकदम बंद. दोघांना वीज एकाच वाटेनं येते, याची खात्री झाली. फ्यूज परत लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहिलं तर उजेड नाही, आवाज नाही, सगळं ठीक!

ही सकाळ-संध्याकाळची गोष्ट मी सोमलवाड्यातल्या एका मेकॅनिकला फोनवर सांगितली. तो पोरगा लगेच म्हणाला, "काकाजी, गाडी गरमच घेऊन येजा. थंडी झाली की मले काहीच नाही दिसणार." सर्व्हिस सेंटरला दोष का दिसला नाही, ते तेव्हा कळलं. रात्रभर उभी राहून गाडी थंड झाली होती.

सोमवारी दुपारी, पारा ४५ च्या आसपास, अर्धा तास चालवून गाडी त्याच्याकडे नेली. गिअरबॉक्सवर एक अंगठ्याएवढा स्विच असतो, त्याला दोन वायरींचा कपलर, म्हणजे काढता-घालता येणारी जोडणी. रिव्हर्स टाकला की आतली कांडी दाबली जाते आणि सर्किट जुळतं. त्यानं न्यूट्रलमध्येच कपलर काढला, मागचा दिवा विझला. म्हणजे वायरिंगमध्ये शॉर्ट नव्हता. मग स्विचच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावला, सर्किट जुळलेलं असलं की तो वाजतो. न्यूट्रलमध्ये गप्प राहायला हवा होता, तर तो वाजला. पान्यानं स्विचवर हलकेच टकटक केलं आणि मीटर थांबला. आतली कांडी गरम झाली की अडकत होती, रिव्हर्स काढला तरी परत येत नव्हती.

नवा स्विच घाट रोडवरून मागवला, ३८० रुपये. मजुरी २५०. जुना काढताना थोडं गिअर ऑइल सांडतं, तेवढं त्यानं भरून दिलं आणि वायसरही नवा टाकला. "जुना वायसर ठेवला तर तेल गळते जी," म्हणाला. मग स्वतःच गाडी बाहेर काढून अर्धा तास फिरवून आणली, गरम असतानाच मीटर पुन्हा लावून दाखवला. या तपासणीसाठी त्यानं वेगळे पैसे घेतले नाहीत. मला तो पोरगा फार आवडला.

दुसऱ्याच दिवशी मंगळवार. परत येताना रहाटे कॉलनीला लाल दिवा लागला. आरशात पाहिलं तर तीन-चार स्कूटी अगदी बंपरला लागून उभ्या होत्या. मी श्वास रोखून धरला. काही वाजलं नाही. दिवा सुटला, अजनी मागे पडली, पुलावर चढलो. आईनं डोळे न उघडताच विचारलं, "रहाटे कॉलनी आली नाही का अजून?" ती इतके दिवस त्या आवाजावरून सिग्नल मोजत होती.

"गेली आई, मागेच गेली," मी म्हणालो.