मूळव्याधीची ट्यूब मागण्याआधी

नाशिकला रविवार कारंजाच्या परिसरातील औषधांच्या दुकानात मी काउंटरवर असतो. मूळव्याधीचे औषध घ्यायला आलेले गिऱ्हाईक बहुधा गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबते आणि मग हळू आवाजात म्हणते, "दादा, ती आग थांबवायची ट्यूब द्या." त्रास कधीपासून आहे, रक्त पडते का, असे विचारले की उत्तर तुटक येते, कारण मागे पुढचे गिऱ्हाईक उभे असते. त्यामुळे तिथे सांगायचे राहून जाते ते इथे सविस्तर लिहितो. ट्यूबने आराम पडतो, पण दुखण्याच्या कारणावर काम करणारा इसबगोल शेजारच्याच फळीवर असतो आणि तो फारसे कोणी मागत नाही.

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. शौचाला खडा होऊन रोज कुंथावे लागले की त्या फुगतात, खाली सरकतात, आणि मग आपण 'मोड आला' असे म्हणतो. म्हणजे मल मऊ झाल्याशिवाय वरून काहीही लावले तरी दुसऱ्या दिवशी तीच इजा पुन्हा होणार. इसबगोलाच्या भुशासारखे तंतुमय पदार्थ नियमित घेणाऱ्यांमध्ये रक्त पडण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटल्याचे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसले आहे. मात्र हा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि आमचे गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशीच "काही फरक नाही" म्हणून डबा बाजूला ठेवते. सुरुवात एका चमच्याने करावी, म्हणजे पोट फुगत नाही; पुढे हळूहळू दोन चमच्यांपर्यंत जावे. भुसा पेल्यात पडला की काही मिनिटांतच त्याचा चिकट गोळा होऊ लागतो, म्हणून तो ढवळून लगेच प्यावा आणि वर आणखी एक पेला पाणी घ्यावे. कोरडा भुसा तोंडात टाकणे धोक्याचे आहे. तो अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. गिळताना त्रास होणाऱ्या वृद्धांना तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

आता ट्यूबविषयी. बहुतेक मलमांत जागा बधिर करणारे लिग्नोकेन असते, काहींत सूज कमी करणारे स्टिरॉइड आणि रक्तवाहिन्या आकसवणारे फिनाइलेफ्रिनही असते. पाकिटावरची बारीक अक्षरे वाचावीत, ही माझी आग्रहाची विनंती आहे. स्टिरॉइड असलेले मलम आठवड्याहून अधिक काळ लावले तर तिथली नाजूक त्वचा पातळ होऊ शकते, आणि वर्षभर तीच ट्यूब मागणारी मंडळी मी पाहतो. खरे तर अशी बरीच मलमे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसतात, हे आमच्या व्यवसायातील लोकांनीही लक्षात ठेवायला हवे. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी फिनाइलेफ्रिनविषयी, आणि गर्भवतींनी कोणत्याही मलमाविषयी आधी डॉक्टरांना विचारावे.

दुखण्यावर सर्वांत बिनखर्ची उतारा म्हणजे रुंद टबात कोमट पाणी घेऊन त्यात दहा-पंधरा मिनिटे बसणे, दिवसातून दोन-तीन वेळा, विशेषतः शौचानंतर. त्यात डेटॉल किंवा तुरटी टाकायची गरज नाही. जंतुनाशकाने आग वाढते. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालते, पण रक्त पडत असेल तर आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नये. पोट साफ करणाऱ्या चूर्णांपैकी अनेकांत सोनामुखी असते; ती अधूनमधून ठीक, रोजची सवय नको.

मिसळ सोडावी का, हा प्रश्न नाशिकमध्ये हमखास येतो. तिखटाने मूळव्याध होते याला भक्कम आधार नाही, मात्र जखम असताना झोंबते हे खरे. माझ्या मते मिसळीपेक्षा मोबाईल घेऊन अर्धा तास कमोडवर बसणे अधिक नडते.

शौचाच्या वेळी काचेने कापल्यासारखी कळ येऊन ती नंतरही तासभर राहत असेल, तर ती बहुधा मूळव्याध नव्हे, फिशर म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर असते, आणि त्याचे मलम वेगळे असते. ते डॉक्टरच लिहून देतात. एकाएकी आलेली टणक, निळसर आणि अतिशय दुखरी गाठ पहिल्या दोन-तीन दिवसांतच सर्जनला दाखवावी. काळसर मल, घटणारे वजन, शौचाची बदललेली सवय, ताप, किंवा चाळिशीनंतर प्रथमच पडू लागलेले रक्त, यांपैकी काहीही सांगणाऱ्याला मी ट्यूब देत नाही, तपासणीला पाठवतो; आतड्याच्या कर्करोगातही रक्त असेच पडू शकते. भिंतींवर 'विना ऑपरेशन, एका दिवसात' असे रंगवलेले नंबर असतात, तिथे जाऊ नये. नोंदणीकृत सर्जन आतल्या मोडाला रबर बँड लावतात. त्याला सहसा भूल लागत नाही आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.